यॉर्कात 'मॉडर्न ब्रिटिश' खायचं म्हणजे नेमकं काय खायचं?

मिकलगेटकरीण

मंडळी, यॉर्कात येऊन सहावं वर्ष लागलं. पहिली दोन वर्षं आम्ही इथल्या इंग्रजी हॉटेलांची पायरी चढलो नाही. उकडलेला बटाटा आणि उकडलेला वाटाणा, त्यासाठी वीस पौंड कोण मोजणार? बाहेर जेवायचं तर थाई, नाहीतर लीड्सला जाऊन डोसा. मग ऑफिसातल्या एक बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या निरोपाचं जेवण एका 'मॉडर्न ब्रिटिश' म्हणवणाऱ्या ठिकाणी निघालं. माझ्यापुढे आला कोबीचा चतकोर. कडा काळ्या पडेपर्यंत भाजलेल्या, खाली घट्ट ताकासारखं काहीतरी आंबट, वर भाजलेल्या बियांचा भरडा. कोबी! ज्यात मूठभर डाळ घालून आपण डबा उरकतो, तो. शेवटी मी पावाच्या तुकड्याने ताटली पुसून खाल्ली.

तेव्हापासून नाद लागला. शहर जुनं म्हणजे फारच जुनं. रोमन लोकांनी इ.स. ७१ च्या सुमारास इथे छावणी टाकली, पुढे वायकिंग आले. शॅम्बल्स ही खाटकांची आळी. दुकानांच्या तोंडाशी मांस टांगायचे लोखंडी आकडे आणि खाली रुंद फळ्या अजून दिसतात, आता त्या आकड्यांखाली पोरं जादूच्या छड्या विकत घेतात. तिथे फोटो काढा आणि पुढे व्हा. खाण्यासाठी मी गेले ते असं:

मिकलगेटवरचं स्कॉश, २०१६ पासूनचं. शेफ नील बेंटिंक. नाव जपानी 'सुकोशी'वरून, म्हणजे 'थोडंसं', आणि ताटल्याही तशाच लहान. पण चार जणांत आठ-नऊ मागवल्या की पोट भरतं.

मेरीगेटवरचं रूट्स. टॉमी बँक्स यांचं, २०१८ मध्ये एका जुन्या पबच्या इमारतीत सुरू झालेलं, २०२१ मध्ये मिशेलिनचा (हॉटेलांना मान देणाऱ्या नावाजलेल्या मार्गदर्शिकेचा) तारा. इथे एकदाच गेले, लग्नाच्या वाढदिवसाला. माणशी शंभर पौंडांच्या वर जातं, त्यामुळे आता दहाव्या वाढदिवसाला.

स्कारक्रॉफ्ट रोडवरचं मेल्टन्स. १९९० पासून आहे, गाजावाजा नाही. माझं सगळ्यात आवडतं.

शहराबाहेर ओल्डस्टेड, हॅरोम, हॉव्हिंगहॅम या खेड्यांची नावं ऐकते, पण आमच्याकडे गाडी नाही.

आता प्रश्न. एप्रिलच्या मध्यात आई-बाबा येतायत. बाबा सगळं खातात, पण "एवढंसंच?" म्हणणारच. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. कुठे नेऊ?

पुणेरी_चष्मा

'मॉडर्न ब्रिटिश' म्हणजे 'झणझणीत उपासाचं'. दोन शब्द एकमेकांना ओळखत नाहीत.

बाकी कोबी जाळून, ताकात ठेवून वीस पौंड घेतात हे वाचून आमच्या मातोश्रींनी किती पैसे सोडले याचा हिशोब करतोय.

खटपट्या

चष्मा, थांबा. मी शिकत असताना चार वर्षं किचन पोर्टर होतो, म्हणजे भांडी घासणारा. त्यामुळे माझं ज्ञान सगळं खरकट्यातून आलंय, पण ऐका.

इंग्रजी जेवण मुळात बेचव होतं हा आपला समज अर्धाच खरा. इथे रेशनिंग १९४० ला लागलं ते १९५४ पर्यंत. युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं! लोणी, साखर, मांस, अंडी सगळं कूपनावर. दुधाचं चीज करायचं तर सरकारी एकाच साच्याचं. गावोगावची चीजं त्यात मेली. एक अख्खी पिढी आईच्या हाताखाली नीट स्वयंपाक न शिकता मोठी झाली. त्यानंतर चांगलं जेवायचं म्हणजे फ्रेंच, मेन्यूही फ्रेंचमध्ये.

'मॉडर्न ब्रिटिश' ही त्याची उलटी वाट. ऐंशीच्या दशकात सुरुवात झाली, पण ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात ते लंडनचं सेंट जॉन, १९९४, फर्गस हेंडरसन यांचं. स्मिथफील्डच्या मांसबाजाराशेजारी. पांढऱ्या भिंती, साधी मांडणी, आणि प्रसिद्ध पदार्थ कोणता? भाजलेली नळी आणि पार्स्लीची कोशिंबीर. नळीतला मगज काढायचा, टोस्टवर घ्यायचा, जाडं मीठ भुरभुरायचं. रविवारच्या रश्श्यातली नळी चोखायला भांडणारी आपण माणसं. आपल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

तर व्याख्या विचारलीत म्हणून: जवळपासचा माल, जुना पदार्थ, आणि तंत्र वाटेल तिथून. जपान, कोरिया, भारत, कुठूनही. म्हणून स्कॉशसारख्या ठिकाणी पूर्वेकडचे मसाले सापडले तरी ते ब्रिटिशच.

आणि तुमचा तो कोबी म्हणजे हिस्पी, टोकदार असतो तो. गेल्या दहा वर्षांत या देशातल्या प्रत्येक शेफने तो जाळलाय. त्याचे तवे मी घासलेत.

लीड्सवाली

मिकलगेटकरीण, आईंसाठी सांगते, कारण मी हे भोगलंय. माझ्या सासूबाई आल्या होत्या. एका खेड्यातल्या गॅस्ट्रोपबमध्ये (नाव घेत नाही) चार-चारदा 'व्हेजिटेरियन' सांगितलं. त्यांना भाज्यांचं पाय (पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेलं) आणि चिप्स आल्या. चिप्स फारच खुसखुशीत, त्यांनी अर्ध्या संपवल्या. मी सहज विचारलं, कशात तळता? पोरगी आनंदाने म्हणाली, "बीफ ड्रिपिंग! आमची खासियत." सासूबाईंना इंग्रजी बेताचं, पण 'बीफ' कळलं. त्यांनी काटा खाली ठेवला, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि लीड्स येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. घरी आल्यावर फक्त म्हणाल्या, "चव चांगली होती, तेच वाईट वाटतंय."

यॉर्कशायरमध्ये चिप्स ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या चरबीत, तळायची जुनी रीत आहे, त्यामुळे हे विचारल्याशिवाय बसू नका. तसंच:

यॉर्कशायर पुडिंग म्हणजे रोस्टबरोबर मिळणारा पिठाचा भाजलेला फुगा, त्यात अंडं असतंच, आणि साच्यात बऱ्याचदा चरबी. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा. जुन्या पद्धतीच्या गोड पुडिंगांत स्युएट, म्हणजे गुर्दाजवळची चरबी. पॅना कोटा या सायीच्या गोड पदार्थात जिलेटिन, तेही प्राण्यांचंच. चीजमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण, काही ठिकाणी शाकाहारी असतं, काही ठिकाणी नाही.

आणि बीट दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका! ओल्डस्टेडच्या ब्लॅक स्वानचा सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे क्रापोडीन जातीचं बीट, तासन्‌तास बीफच्या चरबीत शिजवलेलं. दिसायला आपलं उपासाचं, आतून भलतंच. ते काही लपवत नाहीत, मेन्यूवर स्वच्छ लिहितात. आपणच भाजीचं नाव वाचून पुढचं वाचत नाही.

बुकिंग करतानाच 'अंडं नाही, जिलेटिन नाही, प्राण्यांची चरबी नाही' असं एकेक सुटं लिहायचं. 'व्हेजिटेरियन' या शब्दावर विसंबायचं नाही.

हॅरोगेटचे_काका

माझं मत, थोडं मोठं होईल. आमची ही आणि मी या भागात एकतीस वर्षं आहोत. बेट्टीजला न्या. चहा, स्कोन, चांदीच्या किटल्या. बेट्टीज १९१९ ला आमच्या हॅरोगेटात एका स्विस माणसाने सुरू केलं, फ्रेडरिक बेलमाँट. यॉर्कची शाखा नंतरची. आई-वडिलांना तेच आवडतं, लिहून घ्या.

मिकलगेटकरीण

काका, बेट्टीजला नेणारच, तो तर यात्रेतला मुख्य देव. पण रांग बघितलीत का? आणि ते मॉडर्नही नाही आणि सुरू करणारा स्विस, म्हणजे धाग्याच्या विषयात दोन्हीकडून नापास. :)

लीड्सवाली, यादी छापून फ्रिजवर लावली. खटपट्या, एक विचारायचं होतं. आम्ही रूट्सला गेलो तेव्हा एप्रिलच होता. मला वाटलेलं वसंत ऋतू, कोवळ्या भाज्या, फुलं. आणि आलं काय, तर निम्म्या पदार्थांत काहीतरी आंबवलेलं, खारवलेलं, सुकवलेलं. जेवण अप्रतिम होतं, पण वसंताचं वाटेना. असं का?

खटपट्या

कारण एप्रिल हा इथल्या शेतकऱ्याचा उपासमारीचा महिना. त्याला 'हंगर गॅप' म्हणतात. हिवाळी कंदमुळं संपलेली किंवा राठ झालेली, आणि नवीन पीक जूनशिवाय हाती येत नाही. झाडांना फुलं आलेली असतात, हवा सुंदर असते, आणि शेतात खायला जवळजवळ काही नसतं. रूट्सवाले वर्षाचे चार ऋतू धरतच नाहीत. त्यांचे तीन: हंगर गॅप, मग सुबत्तेचा काळ, मग साठवणीचा. तुम्ही पहिल्यात गेलात. म्हणजे मागच्या शरदात बरण्यांत जे भरलं, ते तुम्ही खाल्लंत.

बँक्स कुटुंब मूळचं शेतकरी. त्यांनी ओल्डस्टेडचा पब, तोच ब्लॅक स्वान, २००६ मध्ये घेतला. टॉमी २०१३ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तारा असलेला देशातला सर्वांत तरुण शेफ ठरला. आजूबाजूची शेतं स्वतःची असल्यामुळे तो हंगर गॅप त्यांच्या खरोखरच अंगावर येतो. लंडनमध्ये बसून हे करायचं तर नाटक वाटेल. सुपरमार्केटात पेरू देशातली शतावरी बारा महिने पडलेली असते.

(विषयांतर: २०२४ च्या डिसेंबरात याच टॉमीची अडीच हजार पायांनी भरलेली व्हॅन चोरीला गेली. पाय म्हणजे खायचे. त्याने चोरांना जाहीर विनंती केली की निदान गरजूंना तरी वाटा. व्हॅन सापडली, पाय वाया गेले.)

कृष्णाकाठ

मी सांगलीहून वाचतोय, इंग्लंड बघितलेलं नाही. पण हे तर वाळवण!

आमच्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया, सांडगे, पापड, भरल्या मिरच्या. का? तर आषाढ-श्रावणात बाजार बंद, भाजी नाही, चिखल. तेव्हा डाळीच्या आमटीत दोन सांडगे पडले की ती 'भाजी'. आपण उन्हाळ्यात साठवून पावसाळ्यात खातो, ते शरदात साठवून वसंतात खातात. त्यांना ऊन नाही म्हणून मिठात आणि व्हिनेगरमध्ये, आपल्याला ऊन फुकट म्हणून पत्र्यावर.

आजी म्हणायची, सुगरण ओळखायची तर श्रावणात जेवायला जा. भर हंगामात कुणालाही चांगलं करता येतं.

पुणेरी_चष्मा

म्हणजे शंभर पौंडांत सांडगे. छान.

खटपट्या

चष्मा, सांडगे घालायला तुमच्या मातोश्रींनी मजुरी घेतली नाही म्हणून ते स्वस्त. तिथे माणसं पगारावर बरण्या भरत असतात.

शिवाय बरणीची देवाणघेवाण जुनी आहे. पिकलिली माहीत असेल, फ्लॉवर-कांद्याचं हळद-मोहरीतलं पिवळं लोणचं, पबात चीजबरोबर देतात. हॅना ग्लास या बाईंच्या पाकपुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीत ते 'पॅको-लिला किंवा इंडिया पिकल' म्हणून येतं. 'यॉर्कशायर पुडिंग' हे नावही त्यांनीच १७४७ मध्ये छापलं. म्हणजे इथला राष्ट्रीय पदार्थ आणि आपल्या लोणच्याची नक्कल, दोन्ही एकाच बाईंच्या पुस्तकात. आता मॉडर्नवाले ती पिकलिली पुन्हा घरी करतात आणि ताटलीत ठिपके काढतात.

ढेबेवाडीची_सून

गाडीचं मी बघते! आम्ही थर्स्कजवळ राहतो. ओल्डस्टेडला बसने जायचा विचारही करू नका, साधारण वीस मैल आहे आणि शेवटचा रस्ता अरुंद, समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायची.

माझा सल्ला, ब्लॅक स्वानऐवजी त्याच कुटुंबाचं बायलँडचं ॲबी इन. २०२३ पासून त्यांच्याकडे आहे. साधा पबसारखा मेन्यू, बाबांना रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, मिळेल, पोट भरेल. समोर बाराव्या शतकातल्या मठाचे अवशेष, आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये बंद पाडलेला. गोल खिडकीची फक्त खालची कमान उरलीय, त्यातून आभाळ दिसतं.

हॅरोमचं स्टार म्हणजे गवताने शाकारलेलं चौदाव्या शतकातलं घर, शेफ अँड्र्यू पर्न. त्यांची ब्लॅक पुडिंग (रक्ताचं सॉसेज) आणि फ्वा ग्रा (बदकाचं किंवा हंसाचं पुष्ट यकृत) ही जोडी प्रसिद्ध आहे, आईंसमोर मागवू नका. २०२१ च्या नोव्हेंबरात आग लागून छप्पर जळालं, पुन्हा उभं केलं. हॉव्हिंगहॅमला मीझ, २०२३ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तारा. ते चालवणाऱ्या जोडप्याचं आधी यॉर्कात हॉटेल होतं. नाव जुन्या इंग्रजीतलं आहे, 'पाटावर बसून जेवणं' अशा अर्थाचं. पाट माझा, त्यांचं टेबल.

लीड्सवाली

एप्रिलमध्ये येतायत तर ऱ्हुबार्ब (आंबट देठांची भाजी, इथे गोडात घालतात) सोडू नका. वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेलच्या मधला पट्टा, त्याला ऱ्हुबार्ब ट्रँगल म्हणतात. जानेवारी ते मार्च अंधाऱ्या, तापवलेल्या शेडमध्ये वाढवतात. उजेड लागला तर पानं मोठी होतात आणि देठ राठ, म्हणून तोडणी मेणबत्तीच्या उजेडात. मी एकदा फेब्रुवारीत बघायला गेले होते. आत शिरल्यावर सगळ्यांना गप्प उभं राहायला सांगितलं. काळोखात बारीक टक्‌... टक्‌... आवाज. कोंब आपलं आवरण फोडून वर येतात त्याचा. गुलाबी देठांचं रानच्या रान, वर बोटाएवढी पिवळी पानं, आणि मध्ये चार मेणबत्त्या. काकडआरतीला आल्यासारखं वाटलं.

२०१० मध्ये त्याला युरोपचं संरक्षित नाव मिळालं, आपल्या जीआय (भौगोलिक मानांकन) सारखं. मॉडर्न ब्रिटिशवाल्यांचा तो फेब्रुवारीतला हापूस.

कृष्णाकाठ

त्याच्या पानांची अळूसारखी पातळ भाजी होते का हो?

लीड्सवाली

नको!! पानं विषारी आहेत. अळूची खाज चिंचेने जाते, हे जात नाही. पहिल्या महायुद्धात इथे पानं खायचा सल्ला दिला गेला आणि लोक दगावले. फक्त देठ.

मिकलगेटकरीण

*(पाच आठवड्यांनी)*

आई-बाबा परवा गेले. वृत्तांत द्यायला उशीर झाला, क्षमस्व.

स्कॉशला लीड्सवालीच्या यादीबरहुकूम ईमेल केली होती. बाबांपुढे अंड्याचं कवच आलं, वरून उघडं, आत चेडर आणि मशरूमचं काहीतरी फेसाळ. ते आधी कवचाकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "अंडं सोलायचं राहिलंय का यांचं?" मग चमचा तळाशी लागेपर्यंत एक शब्द नाही. आईने एकेक ताटली वास घेऊन पुढे ओढली. पाचव्या ताटलीनंतर म्हणाली, "हे लोक आंबट बरं वापरतात." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणाला मिळालेलं नाही, मलाही नाही.

ढेबेवाडीची सून, तुझे आभार कसे मानू? बायलँडला रोस्ट आला तेव्हा बाबांनी पुडिंगचा फुगा काट्याने टोचून बघितला आणि "पोकळ आहे!" म्हणून सगळ्यांना दाखवला. मग त्यात ग्रेव्ही ओतायची हे शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेने शिकवलं. आईला त्यांनी भाज्यांचं वेगळं पान करून दिलं. मठ बघून बाबा म्हणाले, "देऊळ पडलं, पण खानावळ चालू आहे, म्हणजे गाव शहाणं."

बरण्यांचं आईला सांगितलं होतंच. तिने विचार केला आणि दुसऱ्या दिवशी शॅम्बल्सच्या मागच्या बाजारातून दोन जुड्या ऱ्हुबार्ब आणलं. एप्रिलचं, म्हणजे शेडमधलं नाही, उघड्यावरचं. हिरवट आणि चांगलं आंबट. त्याचा मेथांबा केला. पहिल्या खेपेला सवयीने ढवळत बसली आणि त्याचं पिठलं झालं. दुसरी खेप जमली. एक बरणी खालच्या मजल्यावरच्या आजींना दिली. त्या तो चीजबरोबर खातायत.

पुणेरी_चष्मा

गूळ किती?

मिकलगेटकरीण

अर्धा किलो देठांना पाव किलो. फोडी इंचभर. तेलात मोहरी, अर्धा चमचा मेथ्या लालसर, हिंग, हळद, मग देठ. झाकण नाही, चमचा नाही, कढईच हलवायची. तीन मिनिटांत मऊ पडतात, लगेच गूळ आणि तिखट. गूळ विरघळला की गॅस बंद. कैरीसारखी वाट बघत बसलात तर पिठलं.

पुणेरी_चष्मा

कुठल्या दुकानात मिळेल ते बर्मिंगहॅममध्ये?